उंच रायडरसाठी बाईकची बैठक कशी जुळवावी

माझी उंची १८८ सेंमी, म्हणजे सहा फूट दोन इंच. पहिली बाईक घेताना माहितीपत्रकातला एकच आकडा मी पाहत होतो, सीटची उंची. आपण उंच, म्हणून सीट उंच हवी, इतका सरळ हिशोब. गाडी आली, बसून पाहिलं, दोन्ही पाय आरामात जमिनीवर टेकले. आणि पहिल्याच लांबच्या फेरीत तासाभरात उजवा गुडघा असा ठणकू लागला की गाडी बाजूला घेऊन, खाली उतरून पाय मोकळा करावा लागला. सीट जमिनीपासून उंच होती हे खरं, पण फुटरेस्टही त्याच हिशोबाने वर बसवलेले होते. माझ्या पायांना जागा मिळालीच नव्हती.

सीटची उंची म्हणजे जमिनीपासूनचं अंतर, आणि ते सिग्नलला थांबल्यावर कामाचं. चालवताना पाय जमिनीवर नसतात, फुटरेस्टवर असतात. त्यामुळे उंच माणसाने पाहायचा आकडा म्हणजे सीट ते फुटरेस्ट हे अंतर. तो माहितीपत्रकात छापलेला नसतो, टेप घेऊन स्वतः मोजावा लागतो.

आधी मोजमाप, मग पाना

बसण्याची पद्धत तीन ठिकाणांवरून ठरते: बूड टेकतं ती जागा, पाय टेकतात ती जागा आणि हात धरतात ती जागा. यातली एक हलली की उरलेल्या दोघींशी तिचं नातं बदलतं. सीट एक इंच उंचावली तर गुडघे सुटतात, पण खांदेही एक इंच वर गेल्यामुळे हँडल तेवढंच खाली आल्यासारखं वाटतं. म्हणून सगळं एकदम बदलायला जाऊ नका, आणि सुरुवात पायांपासून करा. हात नंतर.

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडवर लावा. डबल स्टँड नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगा. चालवताना घालता तेच बूट, तेच जॅकेट, तेच हेल्मेट घालून बसा. क्षणभर डोळे मिटा, खांदे सैल सोडा, मग हात हँडलवर ठेवा. आता तीन-चार मीटरवरून, कॅमेरा गुडघ्याच्या पातळीला धरून, बरोबर बाजूने एक फोटो काढायला सांगा. हा फोटो जपून ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर असाच फोटो काढायचा आहे.

फोटोवर खुब्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेघ आणि गुडघ्यापासून फुटरेस्टपर्यंत दुसरी रेघ ओढा. त्यांच्यामधला कोन म्हणजे तुमचा गुडघ्याचा कोन. माझा अनुभव असा की ८० अंशांच्या आत गुडघा दुमडला असेल तर शहरात भागतं, पण लांबच्या प्रवासात दुखणं ठरलेलं. ९० अंशांच्या आसपास आलं की दिवसभर बसता येतं.

थोडा हिशोब करून दाखवतो, कारण तो कळला की किती बदल लागेल याचा अंदाज येतो. समजा मांडी खुब्यापासून गुडघ्यापर्यंत ४६ सेंमी आहे, आणि गुडघ्यापासून फुटरेस्टवर टेकलेल्या तळव्यापर्यंतही ४६ सेंमी. खुबा ते फुटरेस्ट सरळ अंतर ६० सेंमी असेल तर गुडघ्याचा कोन साधारण ८१ अंश येतो. हेच अंतर अडीच सेंमीने वाढलं की कोन ८५-८६ अंशांवर जातो, आणि पाच सेंमी वाढलं की ९०. म्हणजे एक इंच जागा मिळाली तर सुमारे चार अंश सुटतात. ऐकायला थोडं वाटतं, पण मांडीच्या मागे जो ताण साचतो त्यात याने पडणारा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

टेपने आणखी तीन अंतरं लिहून ठेवा: सीटच्या सर्वांत खोलगट भागापासून फुटरेस्टच्या वरच्या कडेपर्यंत, त्याच भागापासून हँडलच्या ग्रिपपर्यंत, आणि जमिनीपासून ग्रिपपर्यंत. मूळ आकडे हाती असले की मन बदलल्यावर मागे फिरता येतं.

दुखतंय कुठे, ते आधी ओळखा

हा भाग घाईने वाचू नका. चुकीच्या जागी केलेल्या दुरुस्तीत वेळही जातो आणि दुखणंही राहतं.

गुडघा पुढच्या बाजूने किंवा वाटीच्या खाली दुखत असेल, मांड्या भरून येत असतील, उतरल्यावर पहिली दोन पावलं वाकडी पडत असतील, तर सीट आणि फुटरेस्टमधलं अंतर कमी आहे. हे बहुतेक उंच रायडरांचं पहिलं दुखणं.

कंबर खालच्या बाजूला धरत असेल तर लगेच हँडलला दोष देऊ नका. गुडघे फार दुमडले की मांड्या वर येतात, कटी मागे फिरते आणि पाठीचा खालचा भाग गोल होतो. मी स्वतः कंबरेसाठी आधी हँडल वर घेतलं होतं. काही फरक पडला नाही. सीट उंच केल्यावर कंबर सुटली.

तळहाताला मुंग्या येत असतील तर दोन शक्यता. हँडल लांब किंवा खाली असल्याने अंगाचा भार हातांवर पडतो आहे, किंवा सीट पुढे उतरती असल्याने तुम्ही सतत टाकीकडे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. ओळखायची युक्ती सोपी आहे: मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग स्थिर ठेवून ग्रिपवरची पकड सैल करा, हात मात्र उचलू नका. तेवढ्यानेच पुढे सरकलात तर दोष सीटच्या उताराचा आहे.

मनगट वरच्या बाजूने दुखत असेल तर बहुधा क्लच-ब्रेकच्या लिव्हरचा कोन चुकलेला असतो. मान आणि खांद्यांचा वरचा भाग आखडत असेल तर हँडल खाली आहे, किंवा वाऱ्याचा मारा थेट हेल्मेटवर बसतो आहे. आणि गुडघे टाकीच्या खाचेत बसण्याऐवजी पुढे जाऊन फेअरिंगच्या कडेला किंवा लेगगार्डला घासत असतील, तर तुम्ही गाडीवर फार पुढे बसला आहात. मागे सरकायला जागा करावी लागेल.

पहिली पायरी: नवीन काहीही न बसवता होणारी कामं

सुरुवात मागच्या शॉकपासून करा. उंच माणूस बहुतेक वेळा वजनानेही जास्त असतो, आणि कारखान्यातून गाडी मध्यम वजनाच्या रायडरसाठी लावून येते. मागचा भाग जास्त बसला की पुढचा भाग वर उचलला जातो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि वळणात गाडी आळसावते. मागचं चाक हवेत असताना धुरीपासून सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंतचं उभं अंतर मोजा. मग तयार होऊन गाडीवर बसा, कुणाला तरी तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. हालचाल १५० मिमी असेल तर ५० मिमीच्या आसपास. जास्त बसत असेल तर स्प्रिंगचं प्रीलोड, म्हणजे ती आधीच किती दाबून ठेवली आहे ते, रिंग फिरवून वाढवा. दोन शॉकच्या गाडीत दोन्ही बाजूंची रिंग एकाच खाचेवर हवी, एक पुढे एक मागे चालत नाही.

प्रीलोडने सीट आणि फुटरेस्टमधलं अंतर तसूभरही बदलत नाही, कारण दोन्ही चौकटीलाच जोडलेले असतात. तरीही हे आधी करायचं, कारण गाडी मागे झुकलेली असताना केलेली बाकीची सगळी मापं फसवी येतात.

मग गिअरचा दांडा. उंच माणसाचा पाय मोठा, बूटही जाड. दांड्याखाली पंजा जात नाही म्हणून टाच बाहेर वळवून गिअर टाकणारे कितीतरी उंच रायडर मी पाहिले आहेत. त्या सवयीने घोटा आणि गुडघा दोन्ही पिळवटतात. पाय फुटरेस्टवर सहज ठेवल्यावर बुटाचा वरचा भाग दांड्याच्या खालच्या बाजूला नुसता टेकला पाहिजे. काही गाड्यांत दांड्याला इंजिनाच्या शाफ्टशी जोडणारी एक जोडदांडी असते. त्या जोडदांडीच्या दोन टोकांना दोन लॉकनट असतात, आणि त्यातल्या एका टोकाला बहुधा उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी कोणता कोणत्या दिशेने सुटतो ते पाहा. जोडदांडी नसेल आणि दांडा थेट दातेरी शाफ्टवर बसलेला असेल, तर त्याचा बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो. नुसता सैल करून दांडा ओढला तर निघत नाही, कारण बोल्ट शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो. एक दात फिरवला तरी टोकाला बराच फरक पडतो, तेव्हा एकाच दाताने सुरुवात.

मागच्या ब्रेकचा पॅडलही असाच जुळवता येतो, पण इथे चूक महागात पडते. पॅडल खालीवर केल्यावर त्याला थोडी मोकळी हालचाल उरलीच पाहिजे. ती संपली तर ब्रेक कायम किंचित लागलेला राहतो, तापतो आणि ऐनवेळी दगा देतो. काम झाल्यावर मागचं चाक हवेत ठेवून हाताने फिरवा, मोकळं फिरायला हवं. ब्रेकलाइट पॅडल दाबल्यावर लागतो आणि सोडल्यावर विझतो का, तेही तेव्हाच पाहा.

हातांच्या लिव्हरसाठी बसून बोटं सरळ लांब करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ यावी आणि बोटं लिव्हरवर अलगद पडावीत. उंच माणूस वरून खाली हात सोडतो, त्यामुळे त्याला लिव्हर मूळ जागेपेक्षा थोडे खाली झुकवावे लागतात. क्लॅम्पचे बोल्ट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, लिव्हर फिरवा, पुन्हा आवळा. ब्रेक ऑइलची डबी त्याच क्लॅम्पवर असते. ती इतकी वाकडी होऊ देऊ नका की पातळी दिसेनाशी होईल. आरसेही सोबत फिरतात, ते शेवटी लावायचे आहेत.

हे सगळं एका सकाळी होतं. मग आठवडाभर गाडी चालवा. काही जणांचं काम इथेच संपतं.

दुसरी पायरी: सीट

माझ्या मते उंच रायडरसाठी सर्वांत मोठा फायदा सीटमध्येच आहे. बाकी सारं त्यानंतर.

काही गाड्यांची सीट कारखान्यातूनच दोन उंचींवर बसते. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ची सीट ८२५ किंवा ८४५ मिमीवर लावता येते, होंडा आफ्रिका ट्विनची ८५० किंवा ८७० वर. म्हणजे २० मिमी अशीच मिळतात, आणि कितीतरी मालकांनी ती सीट कधी काढूनही पाहिलेली नसते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आधी हे शोधा. काही कंपन्या उंच सीट वेगळीही विकतात.

तसं नसेल तर सीट बनवून घ्यावी लागते. पण फोम टाकण्याआधी स्वस्तात चाचणी करा. व्यायामाच्या दाट चटईचे तुकडे सीटच्या आकाराने कापून एकावर एक ठेवा, पट्ट्याने घट्ट बांधा आणि मोकळ्या जागेत हळू वेगात फेरी मारा. एक तुकडा, दोन तुकडे, तीन तुकडे असं करत गेलं की तुम्हाला किती उंची हवी ते शरीरच सांगतं. मला ३० मिमी लागले. चाळीसला हँडल फार खाली वाटू लागलं होतं.

सीट बनवणाऱ्याकडे जाल तेव्हा तीन गोष्टी स्पष्ट सांगा.

पहिली, फोम दाट हवा. दुकानात दाबून मऊ लागणारा फोम गाडीवर बसल्यावर पार चेपतो, आणि २५ मिमी वाढवलेल्यातले जेमतेम १० मिमी हाती उरतात. चांगली सीट पहिल्या पाच मिनिटांत कडक वाटते आणि तिसऱ्या तासात आरामाची.

दुसरी, पुढचा उतार भरून काढायला सांगा. बऱ्याच सीटचा पुढचा भाग निमुळता आणि उतरता ठेवलेला असतो, म्हणजे कमी उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला पोचतात. तुम्हाला त्याची गरज नाही. पुढचा भाग भरून सपाट केला की टाकीकडे घसरणं थांबतं आणि हातांवरचा भारही उतरतो.

तिसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. रायडर आणि मागच्या सीटच्या मध्ये जी पायरी असते, ती उंच माणसाला पुढे कोंबून ठेवते. ती ३०-४० मिमी मागे घेतली की मागे सरकता येतं, गुडघे टाकीच्या खाचेत येतात, आणि हँडलपर्यंत हात लांब करायला जागा मिळते. मागे बसणाऱ्याची जागा तेवढीच कमी होते, म्हणून नेहमी दोघं जात असाल तर मागच्या माणसाला बसवून पाहिल्याशिवाय कापू देऊ नका.

मूळ सीट कापण्यापेक्षा त्याच मॉडेलची एखादी जुनी सीट मिळवून तिच्यावर प्रयोग करा, असा माझा आग्रह आहे. काम झाल्यावर सीट कुलपात नीट बसते का, शिवणीतून पाणी आत जात नाही ना, एवढं पाहून घ्या.

तिसरी पायरी: फुटरेस्ट

सीटने भागलं नाही तरच इकडे वळा. फुटरेस्ट २० ते २५ मिमी खाली नेणारे ब्रॅकेट मिळतात. पण फुटरेस्ट खाली गेला की वळणात गाडी झुकवताना तो रस्त्याला लवकर टेकतो. फुटरेस्टच्या टोकाखाली जो लहान खुंटीसारखा बोल्ट असतो, तो याच इशाऱ्यासाठी. आता तो इशारा आधीच येणार. घाटात वेगाने वळणारे असाल तर हा सौदा तुमच्यासाठी नाही. लांबचे, सरळ रस्ते जास्त असतील तर चालतो.

फुटरेस्ट खाली गेला, पण गिअरचा दांडा आणि ब्रेकचा पॅडल तिथेच राहिला, तर पंजा सतत वर उचलावा लागतो. म्हणून पहिल्या पायरीतलं ते काम इथे पुन्हा करायचं. शिवाय फुटरेस्ट पूर्वीसारखा वर-मागे दुमडतो का आणि स्प्रिंगने परत येतो का, तेही तपासा. गाडी पडली किंवा वळणात घासली तर तो दुमडलाच पाहिजे.

वेल्डिंग करून फुटरेस्ट खाली घेणारे भेटतील. त्यांना नाही म्हणा. फुटरेस्टवर उभं राहिल्यावर तुमचं सगळं वजन त्या सांध्यावर येतं, आणि बऱ्याच गाड्यांत तो सांधा ज्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर असतो ती तापवल्यावर पूर्वीइतकी मजबूत राहत नाही.

चौथी पायरी: हँडल

आता हातांची पाळी. सीट वाढली, खांदे वर गेले, म्हणून हँडल थोडं वर हवं.

आधी आहे तेच हँडल फिरवून पाहा. टाकीवर जाड टॉवेल टाका, क्लॅम्पचे चारही बोल्ट सैल करा आणि हँडल किंचित पुढे-वर वळवा. मूळ जागेवर ठिपका नसेल तर मार्करने खूण करून ठेवा. हँडल फार मागे वळवलं तर ग्रिपची टोकं खाली झुकतात आणि मनगट बाहेर वळतं, ते टाळा. बोल्ट आवळताना काही गाड्यांत क्लॅम्पची पुढची बाजू आधी पूर्ण बसवून फट मागे ठेवायची असते, काहींत दोन्हीकडे समान फट. हे पुस्तिकेत पाहा आणि टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना, वापरा. ८ मिमीच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतात, तरी शेवटचा शब्द पुस्तिकेचा.

तेवढ्याने होत नसेल तर रायझर. हँडलखाली बसणारे हे ठोकळे २० ते ३० मिमीचे घेतले तर बहुतेक गाड्यांत मूळ केबल पुरतात. त्यापुढे गेलात तर लांब केबल आणि लांब ब्रेक होज घ्यावे लागतात, ओढूनताणून काम भागवायचं नाही.

आणखी एक बारकावा. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, मागे झुकलेला असतो. रायझर त्याच तिरक्या रेषेत वर गेला तर हँडल वर जाताना मागेही येतं. फोर्कचा कल २५ अंश असेल, तर ३० मिमीचा रायझर हँडलला २७ मिमी वर आणि जवळपास १३ मिमी तुमच्याकडे आणतो. लांब हातांच्या माणसाला हे मागे येणं नको असतं, कोपरं फासळ्यांना चिकटतात. त्यासाठी पुढे सरकवलेले रायझर घ्या, किंवा रायझर लावून हँडल थोडं पुढे वळवा.

रायझरसोबत येणारे बोल्ट नीट पाहा. जुन्या बोल्टाने काम चालवू नका, लांबी कमी पडते. ॲल्युमिनियममध्ये आटे निदान बोल्टच्या व्यासाच्या दीडपट आत जावेत, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टसाठी १२ मिमी. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा त्यावरचा आकडा असावा.

आता जे सांगतो ते केल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. मी पहिल्यांदा रायझर लावले तेव्हा सरळ चालवून पाहिलं, सगळं ठीक वाटलं. मग एका अरुंद जागेत गाडी पूर्ण वळवताना केबल ताणली गेली आणि इंजिनाचा आवाज आपोआप चढला. गाडी पुढे झेपावली. वेग कमी होता, म्हणून क्लच दाबून सावरता आलं.

पुढचं चाक जमिनीपासून उचला, म्हणजे फोर्क पूर्ण लांबलेला असेल. हँडल डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत न्या. दोन्ही टोकांना ब्रेकचा होज, क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल आणि स्विचची वायर यांतलं काहीही ताणलेलं किंवा चिमटलेलं नको. मग गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करा आणि हँडल टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवा. इंजिनाचा आवाज जराही बदलला तर केबल आखूड पडते आहे. दोन्ही टोकांना ॲक्सिलरेटर पिरगाळून सोडा, तो झटकन परत आला पाहिजे. क्लचची मोकळी हालचालही दोन्हीकडे सारखी हवी. शेवटी पूर्ण वळलेल्या हँडलमध्ये अंगठा टाकी किंवा फेअरिंगमध्ये दाबला जात नाही ना, ते हातमोजे घालून पाहा.

हँडल बदललं की लिव्हरचा कोन पुन्हा लावायचा.

पाचवी पायरी: वारा

उंच रायडरचं डोकं विंडस्क्रीनच्या वरच्या कडेवरून उसळणाऱ्या वाऱ्यात बरोबर सापडतं. हेल्मेट थरथरतं, कानात ढमढम होतं, संध्याकाळी डोकं जड होतं. सीट वाढवल्यावर हा त्रास वाढूही शकतो. मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगात पाच सेंमी खाली वाका. आवाज शांत झाला तर स्क्रीन उंच हवी. मग ताठ होऊन पाच सेंमी वर व्हा. तसं शांत वाटलं तर स्क्रीन उलट आखूड हवी, म्हणजे स्वच्छ वारा थेट हेल्मेटवर येईल. उसळत्या, गडगडणाऱ्या वाऱ्यापेक्षा असा सरळ वारा मानेला पुष्कळ सुखाचा असतो. स्क्रीन उंच घेतलीत तरी नजर तिच्यावरून गेली पाहिजे, तिच्यातून नाही. पावसात रात्री त्याचं महत्त्व कळतं.

झाल्यावर

आरसे आता लावा. लांब हातांच्या माणसाला आरशात स्वतःची कोपरंच दिसतात, त्यासाठी आरसा बाहेर नेणारे लहान ब्रॅकेट मिळतात. हेडलाइटचा झोत तपासा. प्रीलोड वाढवलं असेल तर साइड स्टँडवर गाडी जास्त कलते का, ते भरल्या टाकीने पाहा. फेरबदलांबाबतचे नियम आणि विम्याच्या अटी जागोजागी वेगळ्या असतात, मोठं काम करण्याआधी तुमच्याकडचे वाचून घ्या.

प्रत्येक बदलानंतर निदान दोन तास सलग चालवा. दहा मिनिटांच्या फेरीत कुठलीही सीट चांगलीच वाटते. पहिल्या २०० किलोमीटरनंतर हँडल, रायझर आणि फुटरेस्टचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा.

कधी कधी एवढं करूनही जमत नाही. खाली हँडल आणि उंच, मागे नेलेले फुटरेस्ट असलेल्या स्पोर्ट्स बाईकवर उंच माणसाच्या हाती फार काही नसतं, आणि तिचा आकारच तसा असल्याने सीटवर ठोकळे रचून उपयोग नाही. फुटरेस्ट फार पुढे असलेल्या क्रूझरवर गुडघे मोकळे राहतात, पण सगळा भार माकडहाडावर येतो. लांब पल्ल्यासाठी मी ती निवडणार नाही. उंच माणसाला सगळ्यात कमी फेरबदलांत बसते ती सरळ पाठीची, रुंद हँडलची ॲडव्हेंचर किंवा टूरिंग गाडी.

पुढची गाडी पाहायला जाल तेव्हा तुमच्या आताच्या, जुळवलेल्या गाडीची ती तीन अंतरं कागदावर सोबत न्या आणि खिशात टेप ठेवा. शोरूममध्ये आधी सीट ते फुटरेस्ट मोजा. तुमच्या आकड्यापेक्षा ४० मिमीहून जास्त कमी भरलं तर ते अंतर नुसत्या फोमने भरून निघणार नाही. तेवढं नसेल तर बूट घालून दहा मिनिटं बसून राहा, आणि उठताना गुडघ्यांकडे लक्ष द्या.